पाळकांची चिठ्ठी

आमच्या वाशीमच्या चर्चचे सेक्रेटरी दर रविवारी दारात उभे असतात. "सलाम, सलाम" चालूच. नवा चेहरा दिसला की हात पुढे करतात. वाटतं हात मिळवतील, तर म्हणतात, "कोणत्या चर्चची मंडळी? पाळकांची चिठ्ठी आणली काय?" म्हणजे तिथल्या पाद्रीनं लिहून दिलेली ओळख.

परवा चर्चमधल्या प्रीतिभोजनाला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची बाई दोन लेकरं घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, आमी ऊसतोडीले जातो. फडातच चार घरं मिळून प्रार्थना करतो. चिठ्ठी कोन लिहून देईन?"

"मंग पंगतीत कसं बसवू, बाई?" असं म्हणून त्यांनी तिघांना बाहेर पायरीवर बसवलं. आत येऊन डोळे मिटले आणि गहिवरून म्हणाले, "प्रभू येशू, आमच्या पंगतीत ये."

माझं डोकंच फिरलं. भरल्या पंगतीत ओरडलो, "सायेब, त्यालेबी चिठ्ठी मांगा ना!"