तिवडा निघेपर्यंत

परभणीहून पोखर्णीकडं जाताना एक मैदान लागतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी सकाळी तिथं पळत असतात. त्या मैदानावर आता फलक लावायचाय म्हणे. गेल्या महिन्यात एक साहेब घरी आले अन् म्हणाले, या भागातल्या पहिल्या पोलीस शिबिराचा इतिहास लिहून द्या. त्यांच्याकडच्या कागदावर उद्घाटन कुणी केलं अन् हार कुणी घातले एवढंच होतं. डोंबलाचा इतिहास तो. मी त्या शिबिरात शिकलो, पुढं नोकरी संपेपर्यंत दुसऱ्यांना कवायत शिकवली. तेव्हा खरं काय झालं ते मीच लिहितो. फलकावर मावलं नाही तर न मावो.

तेव्हा तिथं मैदान नव्हतं, शेत होतं. सुगी आटोपली होती अन् शेताच्या म्हाताऱ्या मालकानं उन्हाळ्यापुरती जागा आनंदानं दिली होती. आम्ही पंचवीसेक पोरं, सगळी शेतकऱ्यांची, राहायला तंबू. शेतात जिकडंतिकडं कापल्या ज्वारीची टोचरी धसकटं अन् भेगा. सपाट जागा एकच, मालकाचं खळं. शेणानं सारवून, चोपून पाटासारखं केलेलं. मधोमध बैल ज्याच्याभोवती फिरवायचे तो लाकडी खांब, तिवडा, तसाच उभा होता. आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी त्यालाच झेंडा बांधला अन् जाहीर केलं की कवायत इथं होईल.

उस्ताद मुंबईकडचे, फौजेतून आलेले. माणूस लय कडक. पण ज्वारी दुकानातच पिकते असा त्यांचा समज असावा. पहिल्या सकाळी त्यांनी हुकूम दिला, "तेज चल." आम्ही तेज चाललो, खळ्याच्या कडेला थांबलो, खाली बसलो अन् पंचवीसच्या पंचवीस जणांनी बूट काढले. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. खळ्यात धान्याची रास पडते, तिथं पायताण घालून जात नाहीत, हे आमच्या अंगातच होतं.

उस्ताद आधी बघतच राहिले. मग म्हणाले, "सरकारनं बूट कशाला दिलेत? पूजेला?"

"उस्ताद, खळं हाय," मी म्हणालो. मी उंच, म्हणून रांगेत पहिला, म्हणून बोलणं माझ्याच नशिबी.

"बूट नको ना? मग अनवाणीच पळा. शेताला दहा फेऱ्या."

पळालो. आम्हाला त्याचं काय, निम्मा जन्म अनवाणीच गेला होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शिक्षा भोगून आम्ही हसत परत येत होतो, त्याचाच उस्तादांना जास्त राग आला असणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एकट्याला पुढं घेतलं. "उद्या तू बूट घालून आत पहिलं पाऊल टाकायचं. नाहीतर पेटी उचल अन् घर गाठ."

माझं हसू तिथंच संपलं. घर म्हणजे वालूर. मी निवडला गेलो तेव्हा वडलांनी अख्ख्या आळीत साखर वाटली होती, अन् आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझं लेकरू पोलीस झालं. आता कोणत्या तोंडानं परत जायचं? अन् बूट घालून खळ्यात गेलो असतो तर त्याच वडलांपुढं मान वर झाली नसती. इकडं आड, तिकडं विहीर.

संध्याकाळी पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीवर मालकाला गाठलं. सगळं ऐकून म्हातारा खो खो हसला.

"अरं येड्या, तिवडा उभा हाय तवर ते खळं. नारळ फोडून तिवडा काढला की नुसती जमीन. मग बूट घाल न्हाईतर बैल बांध."

"मग काढला का न्हाई, बाबा?"

"सरकारी झेंडा बांधलाय त्याला. मी कसा हात लावू? उस्तादाला कसं सांगावं, ह्याच इचारात हाय मी तीन दिवस झालं."

सकाळी म्हातारा नारळ घेऊन आला अन् खळ्याच्या कडेला जोडे काढून उस्तादांना सगळं समजावून सांगू लागला. उस्ताद खळ्याच्या आत उभे होते, बूट घालून. ते ऐकत होते अन् हळूहळू त्यांची नजर स्वतःच्या पायांकडं गेली. मला वाटलं, आता भडकणार. पेटी मी बांधूनच ठेवली होती.

ते बाहेर आले, खाली बसले, नाड्या सोडल्या. अनवाणी आत जाऊन त्यांनी झेंडा उतरवला, घडी करून खिशात ठेवला. म्हाताऱ्यानं नारळ फोडला. मग उस्तादांनी मला हाक मारली अन् आम्ही दोघांनी मिळून तिवडा उपटला, खांद्यावर घेतला, शेताच्या कडेला धुऱ्यावर नेऊन ठेवला.

"आता जमीन झाली," म्हातारा म्हणाला.

"बूट घाला," उस्ताद म्हणाले. आम्ही घातले. पहिलं पाऊल मी टाकलं. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

उस्तादांनी मात्र आपले बूट घातले नाहीत. "तीन दिवस मी आत बूट घालून हिंडलो. शिक्षा ठरलेली आहे. मोज रे."

अन् त्या धसकटांतून ते पळायला लागले. पाय शहरातले, चौथ्या फेरीला लंगडायला लागले. म्हातारा म्हणाला, "पुरं करा हो." ते थांबले नाहीत. मला बघवेना. नववी फेरी संपली तसा मी मोठ्यानं ओरडलो, "दहा."

उस्ताद माझ्यासमोर उभे राहिले, धापा टाकत.

"नऊ," ते म्हणाले, अन् दहावीला निघाले.