घागरभर इंद्रायणीतलं मीठ

"खारट? आमची इंद्रायणी खारट? उचल तुझं बोचकं आन् हो बाहेर!"

बाबूतात्या, म्हणजे माझे चुलते, चऱ्होलीच्या आमच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. तात्यांचा आवाज असा की ते चऱ्होलीत खाकरले तर आळंदीत लोक दारं लावून घेत. गळ्यात माळ, हातात वैरणीची पेंढी, आणि समोर गोठ्याशेजारच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेला रामा तांडेल, शांतपणे विडी विझवत. या सगळ्याला कारण मी होतो, आणि मी खांबाआड उभा होतो.

हे चार वर्षांपूर्वीचं. सव्वा महिन्यापूर्वी तांडेल वारला. मी पहिल्या शिफ्टला होतो, कारखान्याच्या गेटवर तात्यांचा निरोप आला. पिंपरी ते चऱ्होली, भोसरीवरून, मी सायकलवर पंधरा मिनिटांत आलो... बरं, तासाभरात आलो. तांडेल असता तर त्यानं हे दुरुस्त करायला लावलंच असतं, म्हणून आत्ताच करून टाकतो. वाटभर मला तात्यांचं ते ओरडणं ऐकू येत होतं.

तांडेल रत्नागिरीकडचा. पंचवीस वर्षं बोटीवर कोळसा मारला आणि छातीत खोकला घेऊन उतरला. पिंपरीला कारखाना उभा राहू लागला तेव्हा बॉयलरवर लागला. मी तिथंच फिटरच्या हाताखाली. खारी हवा त्याला सोसेना, घाटावरची कोरडी हवा मानवली. पण बिऱ्हाड कुणी देईना, कारण त्याच्या ट्रंकेतून सुक्या बोंबलांचा वास यायचा. मी तात्यांना सांगितलं की हा माणूस फार धार्मिक आहे, बोटीवर रोज हरिपाठ म्हणायचा. तांडेलला हरिपाठाची एक ओळ येत नव्हती. खोली मिळाली. बोंबील ट्रंकेसकट कारखान्यात राहिले.

बॉयलरवर डबा खाताना एकदा मी विचारलं, "तांडेल, समुद्र खारट का असतो?" मला वाटलं, आता राक्षसाची नाहीतर ऋषीची गोष्ट येणार. त्यानं बॉयलरकडे बोट दाखवलं. "यात पाणी घालतोस. वाफ होऊन काय जातं? नुसतं पाणी. पाण्यातलं मीठ आतच राहतं. रोज तळाचा कॉक उघडून ते खारं पाणी सोडलं नाय, तर आत थर चढतो. समुद्र तसाच. नद्या दगड-मातीतलं थोडं थोडं मीठ घेऊन येतात, ऊन नुसतं पाणी उचलतं. तो पाऊस पडून परत नदीत येतो, आणखी मीठ आणतो. समुद्र म्हणजे कुणी कधी कॉक न उघडलेला बॉयलर."

"मग सगळे समुद्र सारखेच खारट?"

"नाय. तांबड्या समुद्रात नदी नाय, वर ऊन. तिथं आंघोळ केली की अंगावर पांढरं उठतं. आपला पश्चिमेकडचा त्याच्याखालोखाल. बंगालच्या बाजूला मोठ्या नद्या, तिथं पातळ. पृथ्वीच्या मध्यावर रोज पाऊस, तिथंही जरा कमी. उत्तरेला बाल्टिक म्हणून आहे, तिथलं पाणी म्हणजे मीठ विसरलेली आमटी." विडी ओढून पुढं म्हणाला, "पण मीठ सगळीकडं तेच. पाणी तेवढं कमी-जास्त."

एवढंच तो बोलला होता. पारावर मी ते सांगितलं तेव्हा तांडेल डोळे बांधून एका थेंबावरून बंदर ओळखत होता, एडनला त्याच्या मिशीवरून पावशेर मीठ झाडलं होतं, आणि सगळ्यात शेवटी, हशा कमी पडतोय असं वाटून मी म्हणालो, "तांडेल म्हणतो, इंद्रायणीसुद्धा खारट हाय." हशा आला नाही. माळकऱ्यांच्या गावात असलं बोलायचं नसतं, हे मला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं. तात्या पारावरून उठून थेट घरी गेले.

"मी खारट नाय म्हटलं, तात्या," तांडेल म्हणाला. "प्रत्येक नदीत थोडं मीठ असतं, तिच्यातही आहे. दाखवतो."

"दाव. न्हाई निघालं तर खोली रिकामी करायची. दिवस मावळायच्या आत."

खोकत्या माणसाला दुसरी खोली कोण देणार होतं? रविवारी सकाळी अंगणात तीन दगडांवर हंडा चढला. घाटावरून आणलेली एक घागर इंद्रायणी त्यात ओतली. गाव गोळा झालं. आयुष्यभर ज्या पाण्यात वाढलो, त्यात मीठ सापडेल यावर माझाच विश्वास नव्हता. दुपारी सगळे जेवायला गेले, तांडेल सरपण आणायला मागं गेला, आणि मी स्वयंपाकघरातून दोन मुठी मीठ आणून हंड्यात टाकलं.

शेवटचं पाणी ताटात घेऊन आटवलं तेव्हा ताट पांढरं फटक. "आरं तिच्यायला," कुणीतरी म्हणालं. तात्या खाली बसले. एखाद्याची आई कुणी परकी ठरवावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. खोली वाचली होती. तांडेलनं बोटानं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, थुंकला.

"हे नदीचं नाय. मिठागरातलं आहे. एवढं मीठ निघायला नदी नाय, खाडी लागते." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "पुढच्या रविवारी परत आटवू. तात्या, तुम्ही हंड्याजवळ बसा."

तो आठवडा मी बॉयलरच्या बाजूला फिरकलो नाही. पुढच्या रविवारी तात्या सकाळपासून हंड्याजवळ बसले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. संध्याकाळी ताटात उरला तो एक पांढुरका पापुद्रा. खरवडला तर अर्धा चमचा भरला. तात्यांनी चाखला.

"चुन्यावानी लागतंय." बराच वेळ तोंड हलवत राहिले. "मागनं... जराशीक खारट हाय. एवढंच व्हय?"

"एवढंच. घागरभर समुद्रात अर्धा शेर निघतं. पण ही थांबते कुठं? रोज वाहते."

तात्या नदीच्या दिशेनं बघत बसले. तांडेलनं विचारलं, "मग खोली?"

"कौलं फुटल्यात तुझ्या खोलीची," तात्या म्हणाले. "पावसाच्या आत शाकारून घेऊ."

त्यानंतर तो चार वर्षं तिथं राहिला. संध्याकाळी दोघं गोठ्याबाहेर बसायचे. तात्या फार बोलत, तांडेल कमी. माझ्या दोन मुठींबद्दल तो मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त मी काही सांगू लागलो की विचारायचा, "सदा, ह्यात नदीचं किती?"

तो वारला त्याच्या तिसऱ्या दिवशी तात्यांनी स्वतः त्याच्या अस्थी इंद्रायणीत सोडल्या. रत्नागिरीहून धाकटा भाऊ एसटी बदलत बदलत पाचव्या दिवशी पोचला. खोलीत कारखान्यातून परत आणलेली त्याची ट्रंक होती, आणि देवळीत ते ताट, काठाला पांढरी रेघ तशीच. तात्या ते कुणाला घासू देत नाहीत. भाऊ ट्रंकेवर बसला आणि म्हणाला, दादाला घरच्या समुद्रात सोडायचं होतं. ही नदी तर भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, म्हणजे पार बंगालच्या बाजूला गेला तो... आमचा समुद्र नव्हे तो.

मी त्याला धीर द्यायला काहीतरी मोठं जुळवत होतो. तात्या ताटाकडे बघत होते.

"मीठ तेच हाय," ते म्हणाले. "पाणी जरा पातळ."