बुधवारचा उपास

"आज कुनाचा उपास गो?" मधल्या सुट्टीत कॉमन रूमच्या दाराला झाडू टेकवून ती विचारायची. भाईंदरच्या आमच्या कॉलेजात ती साफसफाईला होती. जवळच्याच उत्तन गावची ख्रिस्ती बाई. आम्ही मुली तिला मावशी म्हणायचो. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल. प्राचार्यांनासुद्धा ओल्या फरशीवर पाय ठेवू न देणारी.

मी भाईंदरमधल्याच गोडदेवची. वडील रिक्षा चालवायचे. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. दुसऱ्या वर्षाला वर्गातल्या मुलांनी माझ्या अंगावरून मला 'टेम्पो' नाव ठेवलं. लो-वेस्ट जीन्सचे दिवस होते. मी जेवण सोडलं. घरी सांगायचं, कॉलेजात खाल्लं. कॉलेजात सांगायचं, उपास आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवार-शुक्रवारलाही कुणीतरी सापडायचं.

मावशीला सगळं खरं वाटलं. "आमीपन ईस्टरच्या आधी उपास धरतो," ती म्हणायची, "पन तुजे देव भारी कडक हायत." मग ती माझ्यासाठी घरच्या वाडीतली रताळी उकडून आणायला लागली. "मीठपन न्हाय घातलं. चालत नसलं तर?"

मी 'नंतर खाते' म्हणायचे आणि रताळी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. एवढी शिकलेली मी, पण तो कचरा कोण उचलतं हे काही डोक्यात आलं नाही.

एका बुधवारी तिने ते पुडकं माझ्यासमोर ठेवलं. वाटलं, आता ओरडणार.

"उपासवाली उपासाचं फेकत न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "हा उपास देवाचा न्हाय. कोनासाठी धरलास?"

मी 'टेम्पो' सांगितलं. रडलेही. कपडे अंगावर लोंबत होते, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तरी आरशात मला टेम्पोच दिसायचा.

"मी शिकले न्हाय. माज्याच्यानं हे सुटनार न्हाय," ती म्हणाली, आणि माझा हात धरून थेट मानसशास्त्राच्या मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी आईला बोलावलं, डॉक्टरांकडे पाठवलं. पुढचं वर्ष सोपं नव्हतं. मावशी रोज आपली भाकरी घेऊन माझ्यासमोर बसायची. नियम एकच: "जेवताना जेवनाची गोष्ट न्हाय." मग सुनेच्या तक्रारी निघायच्या, शेजारणीच्या कोंबड्या निघायच्या. ऐकता ऐकता कधी चार घास जायचे, कधी दोनच. दोनच गेले तरी ती आपली सुनेवरच बोलत राहायची.

मी शेवटच्या वर्षाला असताना ती निवृत्त झाली. आता तर तिला जाऊनही काही वर्षं झाली. पण मला दिसते ती माझ्या निकालाच्या दिवशीची. पेढे घेऊन मी उत्तनला गेले होते. ती ओटीवर मासळी साफ करत होती. खुर्चीत बसलेल्या शेजारणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी गुबगुबीत हाय गो."

मी पेढ्यांचा पुडा पोटापुढे धरला.

मावशीने ओले हात लुगड्याला पुसले, अख्खा पेढा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानेच म्हणाली, "गुबगुबीत काय बोलते? बी.ए. हाय ती. ऊठ, खुर्ची दे तिला."