बॅगांपाशी बसलेली बाई

कोल्हापूरच्या स्टँडवर कुणी "जरा बॅग बघता का?" म्हणालं की मला ती बाई आठवते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास इथून युरोपच्या सहलीला गेलेल्या आमच्या घोळक्यात एकटे असे दोघंच होतो, मी आणि जवळच्या गडमुडशिंगी गावची ती. प्रत्येक शहरात जोडपी चर्च बघायला आत जायची आणि जाताना खरेदीच्या बॅगा तिच्यापुढं ठेवायची.

"मावशी, तुम्ही एकट्याच. बसा की जरा."

ती पायरीवर बसायची, सगळे पट्टे मनगटाला गुंडाळायची आणि टाचा चोळत राहायची.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"घरात बी समद्या चाव्या माझ्याकडंच हायत की, पावणं."

रोममध्ये माझेच गुडघे बोलायला लागले. चर्चांचाही वीट आला होता. म्हटलं, "आज मी बसतो, तुम्ही जाऊन या."

तिनं एकेक पट्टा सोडवला आणि आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"काय काय बघितलंत?"

"बघतोय कशाला? बाकडी हायत की आत. हात मोकळं सोडून निवांत बसलो हुतो."

आणि तिनं पट्ट्यांसाठी मनगट पुढं केलं.