मांडीवरचं सूप

आमच्या वर्गाचे किस्से मी कधी जमवले नाहीत, ते माळ्यावरच्या रद्दीसारखे आपोआप साचत गेले. आम्ही जुने सोबती भेटलो की वकील एक काढतात, सुमनताई दुसरा, आणि मी मध्येच "असंच झालं होतं ना?" विचारून मजा घालवतो. तर्कशास्त्रात डॉक्टरेट केली, पण स्वतःच्या आठवणीवर काही विश्वास बसत नाही. राग मात्र अजून ताजा आहे, त्याबद्दल शंका नाही!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची गोष्ट. नगरमधल्या विडी कामगारांच्या वस्तीत, समाजमंदिरात, आम्ही तिघं संध्याकाळी मुलींना फुकट शिकवायचो. मी कॉलेजात लेक्चरर, सुमनताई नर्स, आणि वकील म्हणजे वकील! वर्गातली सगळ्यात हुशार पद्मा. तिला बाहेरून मॅट्रिकला बसवायचं, असं आम्ही ठरवलं. तिनं ते आमच्या आधीच ठरवलं होतं.

* * *

पहिल्या दिवशी मुली सूप घेऊनच आल्या. सुपात पानं, तंबाखू, दोरा. मांडीवर सूप आणि बोटं सारखी चालू. मी म्हणालो, "सुपं बाजूला ठेवा, लक्ष इकडे!"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी, वकील आणि फळा!

पद्माला रस्त्यात गाठलं. म्हणाली, "सर, हात मोकळे ठिऊन बसायची आमच्यात कुनाची ऐपत न्हाई."

सुपं परत आली. वह्या गेल्या, सगळं तोंडी सुरू झालं. तंबाखूनं वकिलांना इतक्या शिंका यायच्या, की पायथागोरसचा सिद्धांत हप्त्याहप्त्यानं पूर्ण झाला!

* * *

एकदा विडी कारखान्याचे शेठ वर्ग बघायला आले. सोबत फोटोग्राफर. "मुली म्हणजे देशाची फुलं!" असं भाषण झालं. फोटोग्राफर म्हणाला, "ती सुपं जरा मागं लपवा. फोटो घाण येतो."

पद्मा म्हणाली, "सुपं काडली तर शेठना आमी वळखू येनार न्हाई हो!"

* * *

दुसऱ्याच दिवशी त्याच शेठच्या मुनीमानं पद्माच्या विड्यांची छाट काढली. छाट म्हणजे नापास विड्या. त्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. "वर्गात वळलेल्या ढिल्या असतात," म्हणे!

मी पद्माला विचारलं, खरंच ढिल्या होत्या का? "आसतील सर. तवा वर्गात पानिपत चालू हुतं."

सुमनताई तणतणत कारखान्यात गेल्या. "नापास आहेत ना? मग परत द्या!"

"परत कशा देणार बाई?" मुनीम म्हणाला. "विकायच्यात!"

* * *

परीक्षेसाठी एका हायस्कुलाची शिफारस हवी होती. हेडमास्तर म्हणाले, "मुलगी चांगली असेल हो, पण अंगाला तंबाखूचा वास. आमच्या मुलींना त्रास होईल." आणि चिमूट नाकात कोंबली.

वकील सणसणीत शिंकले.

"बघा!" हेडमास्तर म्हणाले.

"पद्मा बाहेर फाटकाशी उभी आहे," वकील म्हणाले. "ही शिंक तुमच्या तपकिरीची!"

सही मिळाली.

* * *

मग माझी झोप उडाली. सराव परीक्षेत पद्मानं कोरा कागद दिला. सगळं तोंडपाठ असलेली मुलगी! "मांडी रिकामी आसली की आठवतच न्हाई सर." तोंडी शिकवायची अक्कल माझी, आणि बुडणार ही! आता रोज लिहिण्याचा सराव हवा. पण लिहीत बसली तर तिच्या विड्या कोण वळणार?

मुली आपसात त्यांच्या घरच्या तेलुगूत जोरजोरात बोलायला लागल्या. मी घाबरून ओरडलो, "भांडू नका!"

"भांडन न्हाई सर," पद्मा म्हणाली, "माज्या विड्यांची वाटनी चाललीय."

त्या दिवसापासून ती लिहायची, आणि तिच्या विड्या सगळ्या वर्गाच्या सुपात वळल्या जायच्या.

* * *

परीक्षेत पर्यवेक्षक बाईंनी तिला पकडलं. उजव्या हातानं लिहिताना डाव्या हाताची बोटं बाकाखाली हलत होती. "मूठ उघड!" मूठ रिकामी. पदर झटकायला लावला. काही नाही. पेपर काढून घेतला, बराच वेळ उभं केलं. का? तर बोटं हलतात!

शेवटी पेपर परत देत बाई म्हणाल्या, "मग हलवतेस कशाला?"

"ती थांबली तर मी थांबती, बाई."

* * *

पद्मा पास झाली. शेठनी समाजमंदिरात सत्कार ठेवला. पांढरंशुभ्र धोतर नेसून खुर्चीत बसले, पद्माला शेजारच्या खुर्चीत बसवलं. "ही आमच्या कारखान्याची लेक!" म्हणाले. मी मागच्या रांगेत घाम पुसत होतो, ही आता काय बोलते म्हणून.

फोटोग्राफर तोच. म्हणाला, "तिच्या मांडीवर सूप द्या हो कुणीतरी! गरिबी दिसली पाहिजे, पेपरवाले लगेच छापतात."

कुणीतरी भरलेलं सूप आणून दिलं. पद्मानं ते हातात घेतलं, क्षणभर बघितलं, आणि शेठच्या मांडीवर ठेवलं.

"धरा शेठ. आज माजे हात मोकळे हायेत."

फोटोग्राफर बिचारा सवयीचा माणूस. "स्माइल!" म्हणाला, आणि बटण दाबलं.