रिंगणातली मोकळी जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, राहायला नालवाडीत, आणि काम म्हणजे किट घेऊन शाळाशाळांतून मुलांना सर्किट जोडायला शिकवणं. मल्टिमीटरवर दिसत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या... होता.

आर्वीच्या पुढे एक लहान शाळा आहे, गावाचं नाव सांगत नाही. मागच्या सप्टेंबरात तिथे दुसऱ्यांदा गेले. सातवीचा वर्ग. खेळ नेहमीचाच — नऊ व्होल्टचा सेल, दोन ट्रान्झिस्टर, एक एलईडी. टोकाच्या दोघांनी वायरी धरायच्या, बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरून रिंगण करायचं. करंट सगळ्यांच्या अंगातून जातो, कळतसुद्धा नाही, पण एकाने जरी हात सोडला की एलईडी विझतो.

रिंगण झालं. दोन मुलींच्या मध्ये मात्र एका माणसाची जागा सोडलेली. दोघींचे हात तिथे नुसते हवेत.

"जवळ या गं," मी म्हटलं.

"ते सोनालीची जागा हाये, मॅडम," त्यातली पल्लवी म्हणाली.

सोनाली मला आठवत होती. जुलैत तिनेच विचारलं होतं, "एलईडीचा एक पाय लंबा काऊन हाये?" पोळ्याच्या आधी साप चावून ती गेली, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. म्हटलं राहू दे, पेटला नाही की आपोआप जवळ येतील. स्विच दाबला.

एलईडी पेटला.

मी आधी चिडलेच. फरशी ओली असेल, लीकेज असेल... सगळ्यांना कोरड्या सतरंजीवर उभं केलं, वायरी बदलल्या. पल्लवीला तो हात खाली घ्यायला लावला — विझला. पुढे केला — पेटला. मुलं शांत होती. घाबरले होते ती मीच.

दारात मंदाताई उभ्या होत्या. शाळेची खिचडी त्याच शिजवतात. सोनालीच्या आई. पदराला हात पुसत आल्या, पल्लवीला म्हणाल्या, "मले उभी राहू दे, बाई." एक हात पल्लवीच्या हातात, दुसरा त्या जागेत.

एलईडी तसाच पेटलेला. त्यांची बोटं मिटत गेली, पण मूठ काही झाली नाही... अर्ध्यातच थांबली.

"सेल किती वेळ चालते, मॅडम?"

"नवा आहे," मी कसंबसं म्हटलं. "बराच वेळ चालेल."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. एकाही मुलाने हात सोडला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मंदाताईच बोलल्या, "लेकरायले भूक लागली असन." मग त्या मोकळ्या जागेकडे वळून हळूच म्हणाल्या, "जाय माय आता." आणि हात सोडला.

ते सर्किट घरी आणून मी तीनदा उघडलं. दोष नाही. त्या शाळेत मी अजून जाते, पण हा खेळ तिथे घेत नाही. त्या बाईला पुन्हा एकदा हात सोडायला लावायची माझी हिंमत नाही.