मलकापूर ते जानेफळ : वास नक्की कोणाचा?

मामेबहीण मीनासाठी जानेफळचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं घर पाहायला मामा-मामींना माझ्याच गाडीतून न्यायचं मी ठरवून टाकलं. "एसटीनं कशाला? गाडी आहे ना दारात!" असा माझा थाट. गाडी बारा वर्षांची. महिनाभर समोर इंजिनाचा पिवळा दिवा जळत होता आणि मधूनच ती गचके खायची. पण दिवा काय, देवघरातही जळतोच.

सकाळी आठला मलकापूर सोडलं. हायवे झकास, फक्त ट्रकवाले तो आजोबांनी नावावर करून दिल्यासारखे वागतात. वडनेर भोलजीला चहा आणि गरम भजी घ्या, पोटाला आधार होतो. आम्ही घेतली आणि नांदुऱ्याच्या पुढे गाडीत सडक्या अंड्यांचा वास दरवळला.

मामींनी पदर नाकाला लावला. "काऊन हो, रात्री मुळ्याची भाजी दोनदा घेतली ना? भोगा आता!"

"मी नाही व! देवाशप्पथ!" मामा म्हणाले.

"मंग काय गाडी पादली?"

सगळ्यात मोठ्यानं मी हसले. वास येत राहिला, आम्ही दर वेळी काचा खाली करत राहिलो आणि मामा खिडकीबाहेर बघत बसले. खामगाव सोडून जानेफळच्या रस्त्याला लागलो तर चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कण्हायला लागली. बैलगाडी मागे टाकायला दोन वळणं लागली. या रस्त्याला तासभर जास्तीचा धरून निघा.

जानेफळला मुलाचं, म्हणजे कैलासचं, घर रस्त्यालगतच आहे आणि अंगणात त्याचंच गॅरेज. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार असा बेत होता. आमच्याकडे रीत अशी की घर पटलं तर मुलीकडचे जेवतात, नाही पटलं तर नुसत्या चहावर उठतात. मामांनी ताट दूर सरकवलं.

"मले भूक नाही."

कैलासच्या वडिलांचा चेहरा पडला. "आमचं काही चुकलं काय जी?"

मी मामांच्या कानाशी लागले, "मामा, घर तर आवडलंय ना तुम्हाला? मग जेवा ना!"

"आन इथं वास सुटला तं? पोरीच्या होनाऱ्या सासरी? तुमी दोघी तं हसान."

मला मनापासून लाज वाटली. आमच्या फिदीफिदीपायी मीनाचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती. वेळ काढायची म्हणून मी कैलासला म्हटलं, "गाडी चढावर ओढत नाही, वासही येतो. जरा बघता का?"

तो भरल्या ताटावरून उठला. गाडीखाली शिरून त्यानं रबरी हातोडीनं एक डबा ठोकला, आत खुळखुळ वाजलं. मग डब्याच्या आधीचा सेन्सर काढून धुराला त्या भोकातून वाट करून दिली आणि गाडी पिटाळली. आवाज ट्रॅक्टरचा झाला, पण पळाली सुसाट.

"ताई, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला," तो म्हणाला. "सायलेन्सरच्या आधी हा डबा असते, आत बारीक जाळी. तुमचा प्लग नीट पेटून नाही राह्यला. कच्चं पेट्रोल आत जाऊन जळलं, जाळी वितळून चोंदली. सडक्या अंड्याचा वास येते तो याचाच."

मामा ओसरीवर आले होते. "बापू, जरा जोरानं सांग. घरात हिले आयकू जाऊ दे."

"वास गाडीचा होय, काकाजी!" कैलास ओरडला. अख्ख्या आळीनं ऐकलं. मामा आत गेले, मांडी घालून बसले आणि चार रोडगे जेवले. पाचवा विहीणबाईंनी आग्रहानं वाढला.

एक शेजारी डोकावला. "जाळी फोडून टाक बे, रिकामाच डबा लाव!"

"आन धूर कोनाच्या नाकात जाईन?" कैलासनं त्याला वाटेला लावलं. आम्ही मुक्काम केला. नवा डबा सकाळच्या एसटीनं अकोल्याहून आला, पण आधी त्यानं प्लग बदलले, नाहीतर नवाही जळाला असता. डब्याची किंमत ऐकून मी पायरीवर बसले, मजुरी मात्र त्यानं घेतली नाही. पिवळा दिवा लागला तर माझ्यासारखं महिनाभर बघत बसू नका.

परतीला गाडी भुर्र. वडनेरच्या अलीकडे पुन्हा वास आला. मी आणि मामी एकदम समोरचा रस्ता बघायला लागलो.

"हा माहा होय," म्हणत मामांनी काच खाली केली.

या प्रवासातून काय राहिलं म्हणाल तर रोडग्यांची चव राहिली, आणि घरी पोचल्यावरचं एक वाक्य. मीना दारातच उभी होती. "बाबा, मानूस कसा हाय?"

मामांनी सावकाश चपला काढल्या. "चांगला हाय. तपासल्याबिगर कोनावर आळ घेत नाही."

मी आणि मामी लगबगीनं पिशव्या उतरवायला गाडीकडे गेलो. पिशव्या मामांनी येतानाच दारात आणून ठेवल्या होत्या.